फोटोतली बाई

मंगळवार, ४ मार्च

ऋता रडत रडत सांगत होती, मला आधी काही कळेचना. मग कळलं — दिवस गेलेत. मुलगा तिच्याच कंपनीतला, बंगळूरला परत गेला, आता फोन उचलत नाही. नाशिकला कळलं तर बाबा दारात उभं करणार नाहीत म्हणते. मूल नकोय. हे तिने अगदी स्पष्ट सांगितलं, पुन्हा पुन्हा.

चोवीस वर्षांची पोर. वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली तिला भाड्याने दिली त्याला वर्षही झालं नाही, पण 'ताई, ताई' करते. उद्या बरोबर येते म्हटलं.

आणि मी? सात वर्षं वाट बघतेय. ते आज इथे नको.

बुधवार, ५ मार्च

तोआ पायोहचं क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर. खाली लिफ्टपाशी एक गृहस्थ — पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, कुणाचे तरी आजोबा वाटावेत असे. हातात निषेधाचा फलक नाही. या देशात परवानगीशिवाय फलक धरला तर पोलीस उचलतात. हा आपला लिफ्टची वाट बघणारा! ऋताजवळ सरकून हळूच म्हणाला, बाळाला सगळं ऐकू येतं, सिस्टर. लिफ्टमध्येही आमच्याबरोबर शिरला.

वर समुपदेशन झालं. नियमाप्रमाणे दोन दिवस थांबायचं, मग यायचं. नर्स म्हणाली, तो नेहमी असतो, काही बायका खालूनच परत जातात.

परतताना तो MRTच्या मेट्रो स्टेशनपर्यंत मागे. आमच्याच डब्यात चढला. बिशान स्टेशनला दार मिटता मिटता मी ऋताला ओढून उतरवलं. काचेतून बघत होता. शांतपणे.



गुरुवार, ६ मार्च

बेल वाजली. पार्सलवाला होता. ऋता बाथरूममध्ये कडी लावून बसली होती.

नवऱ्यापासून लपवणं मला जमत नाही. ऋताला विचारूनच प्रबोधला सांगितलं. म्हणाला, बरोबर जा, पण पोलीस वगैरे भानगडीत पडू नकोस, आपण इथे कामाच्या पासवर राहणारी माणसं. चिडून नाही, घाबरून बोलला. मी तरी कुठे शूर आहे.

शुक्रवार, ७ मार्च

क्लिनिकची नर्स MRT स्टेशनवर घ्यायला आली होती. ऋता मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. माझी ओढणी तिच्या तोंडावरून ओढून घेतली. तो आलाच. या वेळी फोन समोर धरून, आमच्यापुढे उलटा चालत, शूटिंग करत. नाव काय, नाव काय, असं विचारत. आवाज तसाच मऊ. मऊ आहे म्हणूनच जास्त भीती वाटते.

ऋताचे पाय थांबले. "ताई, मला नाही जमणार."

"परत जायचंय की वर? तू सांग. मी दोन्हीकडे येते."

मग म्हणाली, "वर."

मी तिच्या आणि फोनच्या मध्ये चालत राहिले.

सगळं नीट पार पडलं. घरी आणून मऊ भात दिला. झोपली.

रविवार, ९ मार्च

फोटो आला. कुणीतरी फेसबुकवरून आपल्या मराठी ग्रुपवर टाकला. माझा चेहरा स्वच्छ. ओढणीखालची कोण ते कळत नाही. खाली लिहिलंय — पोटच्या पोराला मारणाऱ्या.

लगेच शैलाताईंचा फोन, बुकित तिमाहहून. ऋताच्या आईच्या शाळेतल्या मैत्रीण. त्यांनीच तिला आमच्याकडे ठेवलं. "गार्गी, काम तुझं होतं, की बरोबरच्या मुलीचं?"

आवाज येत नाही असं सांगून मी फोन ठेवला. माझं नाही म्हटलं तर दुसरं नाव एकच उरतं.

मंगळवार, ११ मार्च

पोलिसांत जाऊन आले. फोटोत चेहरा माझा, म्हणून तक्रारही माझ्याच नावाने. नर्स सोबत होती. पेशंटचं नाव बाहेर जाणार नाही, असं तिथल्या बाईंनी सांगितलं.

प्रबोधला आधी विचारलं नव्हतं. संध्याकाळी सांगितलं तर तो जेवून उठून गेला. पासचं काही झालं तर? माझ्यामुळे?

बुधवार, १२ मार्च

नर्सचा मेसेज — त्या माणसाला चौकशीला बोलावलंय, आज लिफ्टपाशी नव्हता. पण फोटो फिरतोच आहे. पुण्याला सासरी पोचला असणार.

गुरुवार, १३ मार्च

सासूबाईंचा फोन. रडत होत्या. "सात वर्षं देवापुढे बसतेय मी. फोटोत तूच ना? तू केलंस हे, गार्गी?"

ऋता समोर उभी, पांढरीफटक.

"हो, आई," मी म्हटलं.

प्रबोधने माझ्या हातातून फोन काढून घेतला. वाटलं, आता खरं सांगणार.

"आई, एकट्या तिला बोल लावू नकोस," तो म्हणाला. "आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं."