मारुतीचे तेल आणि पुढचे चाक

सोम. १० नोव्हें. सौसर

पुढचे चाक गुरगुरते. परवा रामाकोन्याच्या मारुतीला जाताना थरथर हँडलपर्यंत आली. बावीस वर्षांचा शनिवारचा नेम, तोही सायकलनेच. ही म्हणाली, "पुतण्याच्या गाडीवर जा न. मारुती काय चाक पाहून राह्यला?" शनिवारच्या आत चाकाचा मधला हब उघडायचा.

मंगळ. ११

अंगणात पोते टाकून उघडला. आत ग्रीस नाहीच. काळा डिंक, बेअरिंगचे छर्रे त्यात रुतलेले. मग उमगले. मारुतीच्या अंगावरून निथळलेले तेल पुजारीबुवा दर शनिवारी बाटलीत देतात, ते मी घरी येऊन हबात सोडतो. वाटायचे, देवाचे आहे, चाकालाही लागेल. कोणी तिळाचे वाहते, कोणी जवसाचे. सगळ्याचा वाळून गोंद झाला.

डिझेलमध्ये धूत होतो. ही आली. "हे लाल काय हाये?"

"शेंदूर."

"चाकाची पूजा करून राह्यले होते का?" बराच वेळ हसत होती.

गुरु. १३

बसने पांढुर्णा. छर्रे दाबून धरणारा कोन झिजलेला, जुन्या मापाचा इकडे मिळेना. तिथल्या शंकर मिस्त्रीने माझा जुना कोन उन्हात धरून पाहिला.

"भाऊ, काय टाकत होते याच्यात? गुळाचा पाक?"

सांगितले. मग तो हसला नाही. "देवाचं देवाले राहू द्या. हबले ग्रीस लागते."

नवा कोन दिला. छर्रे बसतात ती हबाची कटोरीही खरवडली आहे म्हणे. चालेल तोवर चालेल.

शुक्र. १४

जोडले. ग्रीसमध्ये एकेक छर्रा, दोन्हीकडे दहा-दहा. मन फार शांत होते. आधी कोन जास्त आवळला, चाक अडले. पाव फेरा मागे. आता बराच वेळ फिरते, मग झुलत झुलत आपोआप थांबते.

ही भाजी निवडताना पाहत होती. "थांबतच नाही वो हे."

शनि. १५

सकाळी रामाकोना. चाकाचा आवाज नाही. संत्र्याच्या बगीच्यातली पाखरे ऐकू आली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दर्शनानंतर बुवा म्हणाले, "आणा बाटली."

खिशात होती. म्हणालो, "घरीच राह्यली." मारुतीसमोर उभा राहून.

"असू द्या. तुमच्यासाठी गाळून वेगळं ठेवत असतो मी. पुढच्या शनवारी दोन्ही वारचं न्या."

गाळून ठेवतात, हे मला माहीत नव्हते.

परतताना चाक सुरेख पळत होते. पुढच्या शनिवारी बुवांना खरे सांगायचे, की बाटली पुढे करून गुपचूप तेल घेऊन यायचे, ठरत नाही.