हात खिशात ठेवा

४ फेब्रुवारी

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे मजेत. तुम्ही ताईकडे सुखरूप पोचलात हे तिच्या फोनवरून कळलं. ज्या आवाजात तिने सांगितलं, त्यावरून आणखीही बरंच कळलं. तुमचीच लेक, पण जीभ कोणावर गेलीय देव जाणे! तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि फोन करावा तर ती उचलते आणि माझा उद्धार करते. म्हणून लिहायला बसलो. शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक काही लिहिलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नका.

बोटं कशी आहेत? फळी लावून पट्टी बांधलीय म्हणे. बरं झालं. हाडं जुळतील, या वयात जरा वेळ लागतो एवढंच. नाहीतरी तुम्हाला विश्रांती हवीच होती. आम्ही सांगून सांगून थकलो, पण तुम्ही ऐकाल तर शपथ. ऐकाल म्हणजे तसं नव्हे हो. गंमत केली.

गॅरेज ठीक चाललंय. डेंटरने ती दार चेपलेली गाडी एकदाची उरकली. कंप्रेसर पुन्हा धापा टाकायला लागलाय. तुमचं स्टूल तुमच्याच जागेवर आहे, त्यावर कोणी बसत नाही. सध्या रंगाचे डबे ठेवलेत, तात्पुरते.

आता त्या पांढऱ्या गाडीचं. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडलं. सगळे व्हॉल्व्ह वाकलेत, एकही धड नाही. पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरी उमटल्यात. तुम्ही त्या दिवशी नुसत्या आवाजावरून (आवाज कसला, हाताला जे लागलं त्यावरून) म्हणालात तसंच निघालं. टुरिस्ट कंपनीचा मॅनेजर आला होता. त्याला गाड्या चालवायला येतात, पण आतलं फारसं कळत नाही, तेव्हा समजावून सांगितलं. म्हटलं, साहेब, टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागाला एका तालात ठेवणारा दातेरी पट्टा. तो बसवताना चुकला किंवा सैल राहिला आणि तसंच इंजिन फिरवलं, की पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह वाटेतच उभा असतो. मग टक्कर. झालं, इंजिनाचे बारा वाजले.

तो म्हणाला, "ते कळलं. पण हे झालं कसं?"

काका, माणूस विचारणारच ना? समोर डेंटर उभा, पेंटर उभा, बाहेर त्याचा ड्रायव्हर. मी म्हटलं, आमचे काका जुने माणूस, आता नजर कमी झालीय, कान तर गेलेच. बेल्ट बसवताना गडबड झाली आणि घाईत गाडी सुरू करून बघितली. यात खोटं काय आहे सांगा. बेल्ट तुम्हीच बसवत होतात. घाई होतीच. गाडी सुरू करून बघितली गेलीच.

तर तो पठ्ठ्या म्हणतो, "म्हाताऱ्याचं काम मी कित्येक वर्षं बघतोय. किल्ली स्वतःच्या खिशात घातल्याशिवाय तो बेल्टला हात लावत नाही, आणि हाताने इंजिनाचे दोन फेरे घेतल्याशिवाय कोणाला किल्ली फिरवून सेल्फ मारू देत नाही. त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी मानणार नाही." वर हेही म्हणाला की कंपनीच्या सगळ्या गाड्या दुसरीकडे न्यायला त्याला एक दिवस पुरेल.

सगळ्या गाड्या, काका. त्या गेल्या तर मागे राहील काय? कंप्रेसर आणि डेंटरचा खोकला.

तेव्हा येत्या रविवारी या. त्याच्यासमोर एवढंच म्हणा, "माझ्या हातून चुकलं." पुढचं मी बघून घेईन. म्हाताऱ्या माणसाला कोणी फासावर देत नाही. आणि एक विनंती. सोबत माझं जाकीट पाठवतोय, ते घालून या, त्याचे खिसे मोठे आहेत. त्याच्यासमोर उजवा हात खिशातच ठेवा. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?

ताईला हे पत्र दाखवू नका. ती राईचा पर्वत करते.

तुमचा, तुम्हीच वाढवलेला
लेक


९ फेब्रुवारी

काका,

नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. डाव्या हाताने लिहिलंय हे दिसलं, आणि ते मला दिसावं म्हणूनच लिहिलंय हेही कळलं. अख्ख्या कार्डावर एक ओळ! "किल्ली कोणी फिरवली ते तुझ्या हाताने लिही, मग येतो." वा रे वा. सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. पेटीतले पाने आठवडाभर कोणी पुसले नाहीत, त्याची चौकशी नाही, माझ्या तब्येतीची नाही, फक्त किल्ली.

मी फिरवली. घ्या! लिहून दिलं. झालं समाधान?

तुमच्या खिशात एक किल्ली होती, मान्य. दुसरी ड्रायव्हरकडे होती, ती मी मागून घेतली. त्याला विमानतळावर जायचं होतं, सारखा घड्याळ दाखवत होता. तुम्ही आपले चाक काढून त्या पोकळीत बसलेले, एकेका खुणेवर बोट ठेवून पुटपुटताय. पट्टा ताणायचा बोल्ट आवळून झाला असेल असं मला वाटलं. मी ओरडलो होतो, "सेल्फ लावतोय!" पेंटरला ऐकू आलं, बाहेर उभ्या ड्रायव्हरला ऐकू आलं. तुम्हाला ऐकू आलं नाही ही माझी चूक? कान माझे गेलेत का? तुम्ही पाना लावून ते दोन फेरे घ्यायला बसलात हे मला आत सीटवरून कसं दिसणार?

पाना गरकन फिरला, बोटं पाना आणि चेसिसच्या मध्ये चेंगरली, मला दुःख झालं नाही असं वाटतं का तुम्हाला? पण तुम्ही ओरडलासुद्धा नाहीत. ओरडला असतात तर माणूस थांबला असता. नुसतं "थांब, परत लावू नकोस" एवढंच म्हणालात, तेही इतक्या हळू, की मी दुसऱ्यांदा सेल्फ मारला. राहिलेले व्हॉल्व्ह तेव्हा गेले असतील. तुम्हाला आयुष्यभर आपला आवाज केवढा निघतो ते कळलं नाही. नको तेव्हा चारचौघांत माझी अक्कल काढायला मोठा, आणि हवा तेव्हा कुजबुज!

हो, काढतोच विषय. "याला हाताने काम येतं, धीर येत नाही." किती गिऱ्हाइकांसमोर म्हणालात? मी तिथेच उभा असायचो, तेलाने माखलेला, आणि ते हसायचे. मॅनेजरसमोरही म्हणाला होतात. आता त्याच्यासमोर जाऊन मी सांगू, की बघा साहेब, काका म्हणायचे ते खरं निघालं? जीभ तोडून देईन.

तुमचं काय जाणार आहे? नाव? नाव मिरवायला आता तुम्ही रोज कुठे बसणार आहात? लोक म्हणतील, वय झालं बिचाऱ्याचं, आणि विसरतील. मला कोण विसरेल? माझी उभी हयात जायचीय त्या शटरखाली. आई-बाप गेले तेव्हा तुम्ही मला ताईच्या ताटात जेवू घातलंत, हे रोज ऐकतो मी. मग एवढं केलंत, तर आणखी एक वाक्य जड झालं का?

डेंटरने सगळं पाहिलंय. त्याला सांगून ठेवलंय की तोंड उघडलं तर दुसरी नोकरी बघ. तो खोकला आणि कामाला लागला. राहता राहिलात तुम्ही. रविवारी आला नाहीत, तर ताईच्या नवऱ्याची गाडी इथे दुरुस्तीला पडलीय ती तशीच पडून राहील, आणि ते कोणामुळे हे मी त्याला नीट समजावून सांगेन. जावयाच्या घरी राहताना माणसाने जपून राहावं.

किल्लीचं लिहून दिलंय. आता शब्द पाळा. वाचून झालं की फाडून टाका.

वाट बघतोय.
तुमचाच


१७ फेब्रुवारी

प्रिय काका,

मानलं तुम्हाला! खरंच मानलं.

मला वाटलं होतं ऐनवेळी घात करणार. तुम्ही माझ्या जाकिटात, दाढी करून, रिक्षातून उतरलात, आणि माझ्या पाठीवरून घामाची धार लागली. मॅनेजरने तुमच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "काका, हे तुमच्या हातून झालं?" तुम्ही आधी माझ्याकडे बघितलंत. फार वेळ बघितलंत. मग अख्ख्या गॅरेजला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "हो. माझ्या हातून." पेंटरने ब्रश खाली ठेवला.

तिथेच संपायला हवं होतं. पण त्या शहाण्याने हस्तांदोलनाला हात पुढे केला, आणि तुम्ही सवयीने खिशातून हात काढलात. पट्टी बघून तो म्हणाला, "हे काय झालं?" आणि तुम्ही काय शांतपणे सांगितलंत, "ताईकडच्या दारात सापडला." अहो, जन्मात खोटं न बोललेला माणूस! कुठून सुचलं हो? मी रात्री बायकोला सांगितलं तर ती उठून आतल्या खोलीत गेली. बायकांचं काही कळत नाही.

असो. काम झालं. गाड्या आपल्याकडेच राहिल्या. उलट त्याने दोन नव्या पाठवल्या.

तुम्ही जाताना मला बाजूला घेऊन जे विचारलंत, त्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. नवे व्हॉल्व्ह डाव्या हाताने घासून बसवतो, घाई नाही, कोपऱ्यात बसेन, कोणाशी बोलणार नाही, असं म्हणालात. तेव्हा मी "बघू" म्हटलं. बघितलं. जमणार नाही.

त्याचं असं झालं, की दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. म्हणाला, "माणसाने कबूल केलं, मोठेपणा आहे. पण यापुढे तो माणूस आमच्या गाडीला हात लावणार नाही, आणि गॅरेजमध्ये दिसताही कामा नये. आमच्या ड्रायव्हरांचा जीव त्यात असतो." माझ्या तोंडाशी शब्द आले होते. खरंच आले होते. पण अर्ध्या तासात त्याचे ड्रायव्हर त्या दोन नव्या गाड्या घेऊन दारात उभे.

हेड बाहेर दुसऱ्याकडे कामाला दिलंय. तुमची हत्यारांची पेटी टेम्पोने पाठवतोय, उतरवून घेताना ताईच्या नवऱ्याला हात लावायला सांगा, जड आहे. मोठा पाना तेवढा ठेवून घेतलाय, इथे लागतो. स्टूल पाठवत नाही, मोडकंच होतं. जाकीट तुम्हाला राहू द्या.

ताईच्या नवऱ्याची गाडी झाली, घेऊन जायला सांगा. तुम्ही स्वतः इकडे येऊ नका. सहज भेटायलाही नको. मॅनेजरचे ड्रायव्हर दिवसभर इथे असतात, आणि नवीन पोरांना काय सांगायचं ते मी सांगून ठेवलंय. काल एकाने विचारलं, बोर्डावर ज्यांचं नाव आहे ते कुठे असतात? डेंटरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, त्यांच्या हातून एक इंजिन गेलं, तेव्हापासून घरी बसवलंय.

ताई रडत होती म्हणे. तिला समजवा. मी तुमच्यासाठी मॅनेजरशी भांडलो असतो, काका, रक्ताची शपथ. पण कोणत्या तोंडाने भांडणार? चूक तुम्हीच कबूल केलीत.

कळावे,
आपला विश्वासू,
गॅरेजमालक