तिसऱ्या प्लगचं टोक

कराड, दसऱ्यानंतरचा रविवार, १९७६

इंजिनच्या तिसऱ्या सिलिंडरचा स्पार्क प्लग माझ्या टेबलावर आहे. टोक हातोडीने ठोकावं तसं चपटं झालंय.

काल आमची गाडी उंब्रजजवळ खणखणून बंद पडली, तेव्हापासून माझे वडील, आप्पा, आमच्या ड्रायव्हरवर, शिवावर तापलेले. आज अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले, "ऑइल न बघता पळवलीस न्हवं? उद्यापासनं येऊ नगंस."

"शपथ हाय आप्पा, बघूनच काढली हुती."

ऑइलची पट्टी मी काढून पाहिली. ऑइल पुरेसं होतं. मग प्लग काढले. तीन धड, एक हा असा. म्हणजे आत काहीतरी कठीण पडलं होतं. मी तिथेच, सगळ्यांदेखत तसं सांगितलं. गॅरेजच्या मिस्त्रींनी येऊन इंजिनचं हेड उघडलं, तर पिस्टनमध्ये रुतलेला बारका नट निघाला. एअर फिल्टरचा.

खंडेनवमीच्या पूजेसाठी फिल्टर काढून धुतला तो आप्पांनीच. त्या दिवशी गाडीला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

त्यांनी नट रुमालाने पुसला, खिशात टाकला. "शिवा, सकाळी ये रं." माझ्याकडे पाहिलं नाही.

शिवासमोर बोलायला नको होतं का? पण काम त्याचंच जात होतं. एकट्यात सांगितलं असतं, तर आप्पांनी ऐकलं असतं?

प्लग पुन्हा पुसून ठेवला. टोक चपटं ते चपटंच. माझं निदान अचूक होतं.

माझा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झाल्यापासून रोज संध्याकाळी आप्पांची हाक येते, "ओ इंजिनेर, चहा!"

आज म्हणाले, "सुमन, चहा झालाय."