इराचा उंदीर

७ ऑक्टो., मंगळ.
काल इराचा पहिला दात पडला. म्हटलं, शेणात गुंडाळून कौलावर टाकू. लेक हसली. "आई, बॉनमध्ये शेण कुठून आणू?" इराच्या वर्गात लुईझ म्हणून फ्रेंच पोरगी आहे. तिच्याकडे म्हणे उंदीर येतो, उशीखालचा दात नेतो, नाणं ठेवतो. मग नातीलाही तोच पाहिजे. जावयांनी ठेवलं नाणं. आज दिवसभर नाचतेय. असो.

१० ऑक्टो., शुक्र.
डोकं फिरलंय. इराने जिन्यात खालच्या म्हातारीला सांगितलं, आमच्या घरी उंदीर येतो! म्हातारीने पुढचं ऐकलंच नाही, थेट घरमालकाला फोन. आणि लेक माझ्यावरच उलटली. "तू बाल्कनीत चिमण्यांना भात टाकतेस ना, म्हणून." अगं पण उंदीर आहे कुठे? म्हटलं, खाली जाऊन खरं सांग. "नको गं, वाद नको. येऊन बघून जाऊ देत." वाद नको म्हणे. घाणेरडी मी ठरले, त्याचं काय?

१४, मंगळ.
घरमालकाचा माणूस आला. हातमोजे घालून माझे डाळीचे डबे हलवले. एक लेंडी सापडली नाही, तरी फ्रिजमागे विषाची पेटी ठेवून गेला. पेटीवर उंदराचं चित्र. इराने बघितलं. जी रडली! "माइने माउस!" माझा उंदीर, जर्मनमध्ये. दुसरा दात हलतोय तिचा. जिभेने दाबून धरलाय. पडला तर उंदीर येईल आणि मरेल. जेवतसुद्धा नाही.

१६, गुरु.
दोन दिवस पोरगी नुसतं वरण पितेय. लेक तिच्या मीटिंगमध्ये. पेटी उचलली, इराला धरलं, खाली गेले. म्हातारीने दार साखळीपुरतंच उघडलं. मी मराठीतच सुरू. "बाई, उंदीर असता तर तुझ्याच घरात सोडला असता!" इराला म्हटलं, सांग हिला. ती रडत रडत काय काय बोलली, आ करून दात दाखवला. म्हातारी "आख झो" म्हणाली, म्हणजे 'अस्सं होय', आणि दार लावलं. पेटी तिच्या पायपुसण्यावर आपटून आले.
लेक किंचाळली. "आई, घर सोडायला लावलं तर?"
लावू दे.

१७, शुक्र.
सकाळी आमच्या दाराशी बशी. बशीत चीजचा एवढासा तुकडा, वर रुमाल. लेक म्हणते, म्हातारीने माफी मागितली. मला टोमणा वाटतो. विचारायला गेले तर दार उघडलं नाही. घरमालकाचाही फोन नाही. पेटी कुठंय कोण जाणे.
इरा बशी मांडीवर घेऊन बसलीय. तोंड घट्ट मिटलेलं. जीभ अजून दातावरच.