झाकण लावून काढलेले फोटो

२ नोव्हेंबर

आलो एकदाचा. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्यांना लागून मोकळी गच्ची आणि आजूबाजूला रस्त्यावरचा एकही दिवा नाही. असा अंधार मिळावा म्हणून मी सहा महिने घरं पालथी घातली. चष्म्याच्या दुकानापासून लांब पडतं, पण पडू दे. ताई सामान लावायला आली होती. आम्ही दुर्बिणीची पेटी जिन्यातून चढवत होतो, तेव्हा घरमालकीणबाईंनी विचारलं, की ही तोफ कोणावर रोखणार. म्हटलं, मृग नक्षत्रावर. मग हरकत नाही म्हणाल्या, ते काही माझ्याकडे तक्रार घेऊन यायचे नाहीत. बाई झकास आहेत.

बाथरूमची खिडकी गच्चीवर उघडते. तिथला उजेड थेट दुर्बिणीवर येणार, म्हणून सगळ्यात आधी बल्ब काढून ठेवला. आत उतरायला वीतभर पायरी आहे, तेवढी लक्षात ठेवली की झालं. ताई म्हणाली, तू काही सुधारायचा नाहीस.

जाताना तिने परत सांगितलं, की माझा तेजोमेघाचा फोटो तिने बाबांच्या फोटोशेजारी लावलाय आणि येणारा-जाणारा विचारतो. बाबांचं शेवटपर्यंत तू एकट्याने केलंस, आता जरा स्वतःचं बघ, असंही म्हणाली. मी पेटीचे पट्टे सोडत बसलो.

९ नोव्हेंबर

काल पहिली रात्र. पाच-पाच मिनिटांच्या चाळीस फ्रेम काढल्या. एकाच फ्रेममध्ये तेजोमेघ म्हणजे नीट न पुसलेल्या फळ्यावरचा खडूचा डाग. चाळीस एकावर एक चढवल्या की त्याला गुलाबी कडा येते, पंख फुटतात. शेवटी दुर्बिणीला झाकण लावून पाच काळ्या फ्रेम घ्यायच्या. त्यात फक्त कॅमेऱ्याचे स्वतःचे ठिपके आणि डाग उमटतात. ते मग खऱ्या फोटोतून वजा करायचे. काम कंटाळवाणं, पण टाळलं की फोटोत नसलेले तारे दिसायला लागतात.

पाचव्या काळ्या फ्रेममध्ये खालच्या बाजूला पिवळी रेघ आली आहे. झाकण नीट बसलं नसणार.

१२ नोव्हेंबर

झाकणावर काळी चिकटपट्टी गुंडाळली, वरून जाड काळं कापड. तरी रेघ आहेच, आणि आता पाचही फ्रेममध्ये. दुकानात काचा घासणाऱ्या कारागिराला दाखवली. त्याने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, दाराखालून उजेड येतोय, यात एवढं काय. मी हसलो. घरी पोचेपर्यंत ते हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

१६ नोव्हेंबर

आज सुट्टी. भर दुपारी कॅमेरा दुर्बिणीवरून काढला, त्याचं तोंड बंद केलं, कपाटात कपड्यांच्या घड्यांखाली खुपसला आणि पाच फ्रेम घेतल्या. पहिलीत रेघ. तिसरीत दार, बोटभर उघडं. पाचवीत दाराची कडी. तिचा एक स्क्रू गेलेला, आणि त्या भोकात काडेपेटीची काडी खोचलेली.

ती काडी मीच खोचली होती. ही आमच्या जुन्या घरातल्या बाथरूमची कडी आहे.

१८ नोव्हेंबर

लिहून टाकतो. कुठेतरी ओकायलाच हवं.

ताईच्या भिंतीवरचा फोटो मी बाबा गेले त्या रात्री काढला. तिला सांगितलं, की तो आधीच्या आठवड्यातला आहे आणि त्या रात्री माझा डोळा लागला होता. डोळा कसला लागतोय. बाबा बाथरूमला उठले, त्यांनी दिवा लावला, माझी एक फ्रेम वाया गेली. मी आत जाऊन त्या म्हाताऱ्या माणसावर खेकसलो आणि बल्बच काढून खिशात टाकला. ते बरं म्हणाले. एवढंच, बरं.

तासाभराने ते पुन्हा उठले, अंधारातच. काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग हाक. छोट्या, दिवा लाव रे. घरात मी सगळ्यांचाच छोट्या. मी ऐकलं, स्वच्छ ऐकलं. पाच फ्रेम राहिल्या होत्या. म्हटलं, एवढ्या होऊ देत, म्हणजे पंचवीस मिनिटं. तीन हाका आल्या, मग थांबल्या, आणि मला हायसं वाटलं.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं. ताईने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, झोप काय कोणालाही लागते रे. लाज वाटते. फोटो मात्र असा आला, की तसा पुन्हा कधी आला नाही.

२० नोव्हेंबर

रेघ गेली. दार सताड उघडं, आत अंधार. अंधारात एक पाठ — वाकलेली, बनियनमधली. हात भिंतीवर, बटण शोधतोय. पाचव्या फ्रेममध्ये मान वळायला लागली आहे.

ताईला फोन केला. सगळं सांगायचं म्हणून केला, आणि म्हटलं काय, तर बरं वाटत नाहीये. ती उद्या राहायला येते म्हणाली. उद्या सांगेन. तोंडावर सांगेन.

२१ नोव्हेंबर

ताई आली. तिच्यासाठी बाथरूममध्ये बल्ब लावला, पायरी दाखवली. जेवताना तीनदा तोंड उघडलं, तीनदा पाणी प्यायलो. ती बाबांच्याच गोष्टी सांगत होती. हसत होती. नाही जमलं. आता ती आत झोपली आहे.

मी गच्चीवर आलोय. झाकण लावून शेवटचं बघतो. रिकामं निघालं तर सकाळी उठल्या उठल्या सांगायचं. नाही निघालं तरी सांगायचं.

पहिली फ्रेम — काहीच नाही. काळी कुळकुळीत.

दुसरी. तिसरी. काही नाही. जीव भांड्यात पडला.

चौथी चालू असताना आत काहीतरी पडलं.

हाक आली. छोट्या, दिवा लाव रे.

नाही बाबा. मी येणार नाही. चुकलो, हजारदा चुकलो, पण आत नका बोलावू —

परत हाक. कान झाकून घेतले. पाचवी लागली आहे. ती संपली की —

चौथी उघडून बघितली. बाबा दारात. तोंड पूर्ण माझ्याकडे. रागावलेले नाहीत. हाताने मागे दाखवताहेत. खाली. पायरीकडे —

तिसरी हाक. बारीक. हा बाबांचा आवाज नाही. हा —

खिशात काहीतरी टोचतंय. गोल, काचेचं. मघाशी ती झोपल्यावर गच्चीवर येताना — सवयीने — मीच —

हाक थांबली.

आलो ताई. आलोच. ही एवढी पाचवी