धुतल्या, तपासल्या

प्रिय धाकट्या,

आई बरी आहे. नवी कवळी छान बसली, त्यामुळे टोमणे आता जास्त स्पष्ट ऐकू येतात. तुझ्या वाटणीचेही मीच ऐकते.

आमच्या ऑपरेशन थिएटरच्या दाराशी जमिनीवर लाल पट्टा आहे, तो तू पाहिला आहेस. बाहेरचे बूट अलीकडे काढायचे, आतल्या पांढऱ्या चपला पलीकडे घालायच्या. प्रमुख सिस्टर म्हणून त्या पट्ट्यावर मी अनेकांशी भांडले. एकदा मोठे डॉक्टर आतल्याच चपलांनी कॅन्टीनला जाऊन आले. मी म्हटलं, "साहेब, चहा तुम्ही प्यायलात, चपलांना कशाला नेलंत?" बिचारे चपला बदलायला गेले. तेव्हापासून माझा दरारा आहे.

गेल्या दोन महिन्यांत गुडघा बदललेल्या तीन पेशंटच्या जखमा चिघळल्या. दोघं औषधांनी सावरले. तिसरी बाई शिवणकाम करते. तिचा नवा सांधा काढून टाकावा लागला. ड्रेसिंगला मी स्वतः जाते. ती रोज विचारते, "सिस्टर, मशीनचं पायडल मारता येईल ना मला?" मी पट्टी बांधत राहते.

मग तपासणी झाली. टेबल, दिवे, हवा, हत्यारं, सगळं स्वच्छ निघालं. चपलांच्या तळांच्या खाचांत मात्र वाळलेलं रक्त होतं, आणि त्या जखमांमधलाच जंतू. जखमेपर्यंत तो नेमका कसा पोचला, हे अजून कोणी छातीठोक सांगत नाही. पण चपला धुण्याचं मशीन बंद होतं आणि आमचे जुने मदतनीस तात्या त्या नुसत्या ओल्या फडक्याने पुसून मांडत होते, एवढं उघड झालं. तात्यांना घरी बसवलं. निवृत्तीला सात महिने उरलेत. जाताना "येतो सिस्टर" एवढंच म्हणाले.

मशीन बिघडलं त्याच दिवशी तात्या माझ्याकडे आले होते. "चाळीस जोड एकट्याने घासून होणार नाहीत, जोडीला कुणीतरी द्या." मी "बघू" म्हटलं आणि कामाच्या रगाड्यात विसरले. पाच आठवडे रोज संध्याकाळी तक्त्यावर 'धुतल्या, तपासल्या' या शब्दांपुढे सही केली ती मी. एकही चप्पल उलटी करून पाहिली नाही. तात्यांनी हे कुणालाही सांगितलेलं नाही. काल त्यांच्या घरी गेले होते. त्यांनी दार उघडलं, खुर्ची पुढे केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या हातून चूक झालीच ना."

चौकशी समितीवर बाहेरचे तज्ज्ञ म्हणून तुझं नाव आज नोटीस बोर्डावर लागलं. आडनाव वेगळं असल्यामुळे आपलं नातं इथे कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. कागद हाताळताना तुला माझी सही दिसेल, आणि तू ते पान हळूच उलटून पुढे जाशील. मी तुला ओळखते. तसं करू नकोस. सोमवारी मी समितीपुढे सगळं सांगणार आहे. त्याआधी हे पत्र त्यांच्यासमोर ठेव, मी तुझी सख्खी बहीण आहे हे सांग आणि त्या खुर्चीवरून ऊठ.

तुझीच,
ताई