बांधावरची गाठ

२१ जानेवारी
खुटबावला मामांच्या शेतावर हुरडा. नंतर मारुतरावमामा आडवे झाले. मी बांधावर फिरलो. बाभळीच्या खोडाला कमरेच्या उंचीवर फुगलेली गाठ, हातभर रुंद. अशा गाठीत लाकडाला पीळ पडतात, डोळे उमटतात. तिचा वाडगा फार देखणा होतो. व्हिडिओ पाहिलेत. गोठ्यातली करवत घेतली. दीड तासात गाठ डिकीत. विचारणार होतो, पण झोपलेल्या माणसाला उठवणं बरं नव्हे. शिवाय वाडगा मामांनाच देणार आहे. म्हणजे ही चोरी नाही. सरप्राइज आहे.

२३ जानेवारी
दौंडला इमामभाईंकडे. ते खरादावर लाकूड फिरवून खाटेचे खूर, म्हणजे पाय, काढतात. गाठ हातात फिरवून म्हणाले, चीज चांगली हाय विक्रमभाऊ, पण ओली हाय. सा म्हैने सावलीत पडू द्या. म्हणालो, गच्चीत वाळवतो. म्हणाले, उन्हात? मग भेगा मोजत बसा. कुठली, असंही विचारलं. खुटबावची, बांधावरची, म्हणालो. त्यांनी गाठ पुन्हा एकदा उलटून पाहिली. मग पुन्हा खुराकडे वळले.

२८ जानेवारी
मामांचा फोन. गाठ कुणीतरी कापून नेली. ती हद्दीची खूण होती. आजोबांच्या वेळेपासून गाठीच्या या कडेपर्यंत मामांचा नांगर, त्या कडेपर्यंत शेजारच्या भारतचा. मधला हातभर बांध. मामांचा संशय भारतवर, भारतचा मामांवर. मामा म्हणाले, रात्रीच नेली आसंल, दिवसा कुणाची छाती हाय. मी म्हणालो, खरंय.
निश्चय: वाडगा झाला की जाऊन सगळं सांगायचं. रिकाम्या हातानं कबुली देणं बरं दिसत नाही.

११ फेब्रुवारी
गाठीला तीन भेगा. एकीत बोट जातं. भुसा आणि फेविकॉल भरलं. भाकऱ्या ठेवण्याएवढा वाडगा आता होणार नाही. भाजीचा होईल. मामा तसेही एकच भाकरी खातात.

१८ फेब्रुवारी
फर्स्ट शिफ्ट संपवून कुरकुंभच्या कंपनीतून थेट इमामभाईंकडे. खरादावर पहिला दिवस. पटाशी अडकली, ढलपा उडाला, चहाचा ग्लास फुटला. ते म्हणाले, गाठीत रेघा चारी बाजूंनी पळत्यात, दमानं घ्या, लाकूड काय पळून जातंय व्हय. खरादाला जास्त स्पीड आहे. माझा हात चांगला आहे.
संध्याकाळी चांगुणामामींचा फोन. मामा आणि भारत बोलत नाहीत. विहीर सामाईक, मोटारीची पाळी ठरवायला मामीच दोन्हीकडं निरोप नेतात. म्हणाल्या, पाय तुटत्यात रे माझे. जेवण गेलं नाही. चौथी पोळी तशीच ठेवली.

२ मार्च
वाडगा आतून कोरला. इमामभाई म्हणाले, बास. मी म्हणालो, अजून एक हात, इतका पातळ करतो की आरपार उजेड दिसेल. उजेड दिसला. बुडातून.
उरलेल्या तुकड्याची वाटी होईल.
मग ते म्हणाले, भाऊ, आदी मामाला सांगा, मग पॉलिश करा. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सगळ्या खुटबावच्या खाटांचे खूर ते करतात, ती बाभळ त्यांनी पाहिलेली. जाणता माणूस सव्वा महिना गप्प बसतो, हे मला पटलं नाही.

९ मार्च
काचकागद, जवसाचं तेल, चपड्याचं पॉलिश, सात हात. वाटी चार बोटं रुंद. लाकडात डोळे उमटलेत, वीस-बावीस. सगळे माझ्याकडे बघतात. बायको, नीलम, म्हणाली, छान आहे, चटणीला होईल. वाटी पालथी घालून ठेवली. पालथी बाजूही बघते.
मामांनी बांधाची सरकारी मोजणी बोलावली आहे. त्याआधी जायचं, सांगायचं.

१४ मार्च
मोजणीच्या दिवशीच जाणं झालं. शिफ्ट बदलली होती. मामा आणि भारत बाभळीपाशी, एकमेकांकडे पाठ करून. मोजणीवाले यायचे होते. मी वाटी पुढे केली. म्हणालो, दौंडला मिळाली, तुमच्यासाठी आणली. मामांनी ती उलटी केली, अंगठा फिरवला आणि वळून भारतकडे दिली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा दोघं समोरासमोर. भारत मामांना म्हणाला, बाभूळच हाय की आप्पा. मामा म्हणाले, व्हय, अन् आपलीच. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे पाहिलं.
मामांनी मामींना खिळा-हातोडी आणायला सांगितलं. वाटी खोडावरच्या जखमेवर पालथी धरली आणि मला म्हणाले, हीच आता खूण, ठोक. चार इंची खिळा, बरोबर मधोमध. सात हात पॉलिश केलं होतं. दोघं हसले. भारतनं मोजणीवाल्यांना फोन लावून येऊ नका म्हणून सांगितलं. मामींनी चहा आणला. चहा पिता पिता भारत म्हणाला, पर आप्पा, गाठ हातभर व्हती, ही चार बोटं हाय. ऱ्हायलेला बांध कुणाचा?
मामा म्हणाले, माझा.
भारतनं चहा अर्धा ठेवला. मोजणीवाल्यांना पुन्हा फोन गेला. मामी पुन्हा निरोप न्यायला उठल्या.
मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.